डिझायरला कुठला टायर बसवू? आधी डिकीतली स्टेपनी बघा

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "२०१४ची डिझायर व्हीएक्सआय पेट्रोल सेकंडहँड घेतली, दोन वर्षं झाली. चारही टायर गोटा झालेत. त्यांच्यावर १८५/६५ आर१४ लिहिलंय, डिकीतल्या स्टेपनीवर मात्र १६५/८० आर१४ आहे. आई-वडील, बायको आणि मुलगा बसले की गावाकडच्या रस्त्याला आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडी खाली घासते. टायरवाला म्हणतो १९५/७० टाका, गाडी उचलेल. मेहुणे म्हणतात टाकायचेच तर १५ इंची अलॉय टाका. मायलेज वीसचं मिळतंय, ते पडायला नको. काय करू?"

भाऊ, मी जळगावात बावीस वर्षं टायरच्याच धंद्यात आहे. सुरुवात अजिंठा चौफुलीजवळ पंक्चर काढण्यापासून केली. तुम्ही प्रश्न विचारताना एक चांगली गोष्ट केली, स्टेपनीवरचा आकडाही वाचलात. शंभरातले नव्वद लोक डिकीतलं कार्पेट पंक्चर होईपर्यंत उचलत नाहीत. आणि तुमचं अर्धं उत्तर तिथंच, त्या कार्पेटखाली पडलेलं आहे.

तुम्ही विचारताय, किती मोठा टायर चालेल. पण तुमच्या गाडीची अडचण उलटी आहे. आज जो टायर तिच्या पायात आहे तोच मुळात लहान आहे. कंपनीनं या मॉडेलला १६५/८० आर१४ दिलेला. आधीच्या मालकानं पहिले टायर संपल्यावर १८५/६५ टाकले आणि स्टेपनीला कुणी हात लावला नाही, म्हणून ती मूळ मापाची राहिली. त्यानं असं का केलं असेल? एक तर रुंद टायर मागून भरदार दिसतो. दुसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे आणि ते कबूल करायला मला लाज नाही: दुकानात एखाद्या मापाचे चार नग पडून असले की ते 'तुमच्या गाडीला एकदम फिट' होतात.

घोळ होतो तो आकडा वाचण्यात. लोक पहिला आकडा बघतात. १८५ हा १६५पेक्षा मोठा, म्हणजे टायर मोठा, असा समज. पहिला आकडा फक्त रुंदीचा असतो, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा मिलिमीटर नाही, तो टक्का आहे: रुंदीच्या किती टक्के उंचीची साइडवॉल, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतची टायरची बाजूची भिंत. तिसरा रिमचा व्यास, इंचात. मधला 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांच्या रचनेचं नाव.

आता तुमचे दोन्ही टायर कागदावर मांडा. १६५चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी साइडवॉल. ती वर एकदा, खाली एकदा, म्हणजे २६४. मध्ये १४ इंची रिम, ३५५.६ मिमी. एकूण चाकाची उंची ६१९.६ मिमी. दुसरीकडे १८५चे ६५ टक्के म्हणजे सव्वाशे मिमीही नाही, १२०च. दुप्पट करून रिम मिळवली की ५९६. रुंदी वीस मिलिमीटरनं वाढली आणि उंची साडेतेवीसनं गेली. त्यातली अर्धी उंची गाडीच्या पोटाखालून जाते. तुमच्या डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांतलं अंतर, कंपनीच्या हिशेबानं १७० मिमी. त्यातले १२ मिमी आधीच्या मालकानं रुंदीच्या हौसेपायी घालवले. पाच माणसं बसल्यावर आणि आपल्याकडच्या कुठल्याच मापात न बसणाऱ्या गतिरोधकांवर ते १२ मिमी म्हणजे 'टेकलं' आणि 'निभावलं' यातला फरक.

माझ्या आकडेमोडीवर विश्वास ठेवू नका, घरीच बघा. सपाट फरशीवर किंवा डांबरावर गाडी उभी करा. पुढच्या टायरच्या खालच्या टोकाला खडूनं खूण करा, तिच्या बरोबर समोर जमिनीवरही करा. दोघांनी गाडी हळूहळू ढकला, खूण पुन्हा बरोबर खाली येईपर्यंत. जमिनीवरच्या दोन खुणांतलं अंतर टेपनं मोजा. हिशेबानं मूळ मापाच्या टायरला १९४ सेंटिमीटर आणि वर थोडं यायला हवं, तुमच्या आत्ताच्याला १८७. वजनानं टायर खाली दबतो आणि नक्षीही झिजलेली, त्यामुळे आकडा याहून कमीच येईल. ते ठीक आहे. गाडीचा 'खरा' टायर कोणता हे मात्र ड्रायव्हरचा दरवाजा उघडून बघा. खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर माप आणि हवा दोन्ही छापलेलं असतं. स्टिकर खरवडला गेला असेल तर गाडीबरोबरचं पुस्तक काढा. सेकंडहँड गाडीत चाकावर जे चढलेलं आहे त्याला पुरावा मानायचं नाही.

आता पर्याय. माझा सल्ला सरळ आहे: १६५/८० आर१४, पाच नग. याच मापावर टॅक्सीच्या डिझायरी पळतात, म्हणून हा टायर तालुक्याच्या दुकानातही मिळतो आणि त्यात कंपन्यांची चढाओढ असते. १३२ मिमीची जाड साइडवॉल खड्ड्यात रिमचा जीव वाचवते. काळ्या मातीवरचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला अमळनेरात मी काय सांगू? पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर त्याबरोबर लाटांसारखं होऊन कडेनं तुटतं. त्या तुटक्या कडेवरून चाक उतरलं की पातळ साइडवॉलला फुगा येतो. माझ्याकडे फुगा आलेले टायर येतात ते बहुतेक ५५ आणि ६० प्रोफाइलचे, म्हणजे मापातला दुसरा आकडा तेवढा असलेले.

रुंद टायरची सवय झालीय आणि तीच पकड हवी असेल, तर १८५/७० आर१४ चालेल. त्याची उंची ६१४.६ येते, म्हणजे मूळ मापाहून एक टक्काही कमी नाही, आणि क्लिअरन्स फक्त अडीच मिमीनं जातो. पण किंमत जास्त आणि गाडी किंचित जड ओढते. पावसात रुंद टायर जास्त चांगला हा गैरसमज आहे. नक्षी सारखीच असेल तर साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंदापेक्षा आधी तरंगतो. मी स्वतः हा खर्च करणार नाही. पण कुणी केला तर अडवणारही नाही.

१९५/७०ची गोष्ट वेगळी. त्याची उंची ६२८.६ होते, म्हणजे मूळ मापापेक्षा गाडी साडेचार मिमीच वर. एवढ्यासाठी तुम्ही काय काय देताय ते बघा. रिमवर आकडा कोरलेला असतो, १४×५जे असा काहीतरी. त्यातला ५ म्हणजे रिमची रुंदी इंचात. पाच इंची रिमवर १९५चा टायर काठावरचा होतो. तो मध्ये फुगतो, वळणावर साइडवॉल आडवी झुकते आणि गाडी थोडी डुलते. शिवाय चाकाच्या कमानीत जागा किती उरते हे दुकानात कळत नाही.

हे मी ठेच खाऊन शिकलो. दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकानं छोट्या गाडीला मोठे टायर मागितले, मीही हौसेनं बसवले. जॅकवर चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं, कुठं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पाच माणसं आणि जेवणाचे डबे घेऊन तोरणमाळला निघाले. घाट सुरू झाला आणि प्रत्येक वळणावर खर्र-खर्र आवाज. परत आल्यावर गाडी माझ्या दारात. पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या खांद्यावर बोटभर रुंदीचा पट्टा वस्तऱ्यानं भादरावा तसा गुळगुळीत झालेला, कमानीतलं प्लास्टिक घासून पांढरं पडलेलं आणि त्याला जळक्या रबराचा वास. टायर बदलून दिले, पैसे माझेच गेले. जॅकवर गाडीचं वजन स्प्रिंगवर नसतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तेव्हापासून कुणी मोठं माप मागितलं की आधी दुकानातली चार पोरं गाडीत बसवतो, स्टेअरिंग पूर्ण कापतो आणि गाडी मागं-पुढं घेतो. पोरांना मजा वाटते, गिऱ्हाइकाला वाटतं मी चेष्टा करतोय.

मोठ्या टायरचा दुसरा त्रास मीटरचा. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते, पण मीटर जुन्याच हिशेबानं मोजतो. मग काटा ८० दाखवतो आणि गाडी त्याहून पुढं असते. मीटर कंपनीतून येतानाच थोडा जास्त वेग दाखवेल असा बसवलेला असतो, त्यामुळे थोडा फरक झाकला जातो. म्हणून माझा नियम असा की उंचीत दोन टक्क्यांच्या पुढं जायचं नाही. काही जण तीनपर्यंत जातात. तुमची गाडी आत्ता उलट्या बाजूला जवळपास चार टक्के आहे.

अलॉयबद्दल मेहुण्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १५ इंची अलॉयवर १८५/६५ आर१५ देत होती. त्याची उंची ६२१.५. बघा, १४ इंचीवर १६५/८०, १५ इंचीवर १८५/६५, आणि बलेनोच्या वरच्या मॉडेलचा १९५/५५ आर१६, तिघांची उंची ६२० मिमीच्या आसपास. कंपनी रिम मोठी करते तेव्हा साइडवॉल तेवढीच बारीक करते, चाक तेवढंच राहतं. म्हणून १५ इंची केल्यानं गाडी उचलत नाही, फरक एका मिलिमीटरचा. कंपनीचाच अलॉय चांगल्या स्थितीत, वाकलेला नाही असा मिळाला तर खुशाल टाका. बाजारातला स्वस्त अलॉय घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. डिझायरला चार बोल्टांची १०० मिमीची पीसीडी लागते, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्या गोल तुंब्यावर बसतं त्यावर, घट्ट बसायला हवं, सुझुकीच्या हबचं माप ५४.१ मिमी आहे. भोक मोठं असेल तर हबरिंग (मधली फट भरणारी कडी) न टाकता बसवलेलं चाक कितीही बॅलन्स करा, ऐंशीच्या पुढं थरथरतं. आणि ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते माप, चुकला की टायर फेंडरच्या बाहेर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे, आणि बाहेर डोकावणारा टायर लांबूनच दिसतो. खर्चही धरा: चार रिम, चार टायर, आणि स्टेपनी तरीही १४ इंची.

इथं एक गोष्ट तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ती मी इथून सांगू शकत नाही. मूळ मापाचे टायर टाकल्यावरही पाच माणसांत गाडी टेकत असेल, तर दोष टायरचा नाही. दहा वर्षांच्या गाडीचे मागचे स्प्रिंग बसलेले असू शकतात, शॉकअॅब्सॉर्बर गळत असू शकतात. टायर घ्यायच्या आधी मेकॅनिककडून तेवढं बघून घ्या. स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे बसवून गाडी उचलणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

मापाच्या पुढचे दोन अक्षर-आकडे लोक सोडून देतात: ८५टी. ८५ हा भाराचा आकडा आहे, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. नवीन टायरवर ८५पेक्षा कमी आकडा नको, एवढंच पाहा. आणि बनवल्याची तारीख बघा. साइडवॉलवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २६१४ असेल तर २०१४चा सव्विसावा आठवडा. तुमच्या स्टेपनीवर असंच काहीतरी निघेल. तिचं माप बरोबर आहे, पण रबर मेलेलं आहे. नखानं दाबून बघा, साइडवॉलवर केसासारख्या भेगा दिसतील. दहा-बारा वर्षं बंद डिकीत, खानदेशाच्या उन्हात भाजलेलं रबर तुम्ही ताशी ऐंशीनं पळवू नका. म्हणून मी वर पाच नग म्हटलं. बजेट चारचंच असेल तर आत्ताच्या चारातला सगळ्यात बरा टायर स्टेपनीत टाका, तोही फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरता. नवीन टायर येईपर्यंत पंक्चर झालं आणि ती जुनी स्टेपनी लावावी लागली, तर ती मागच्या चाकाला लावा. पुढं पंक्चर असेल तर मागचं चाक काढून पुढं, आणि स्टेपनी मागं. पुढच्या दोन चाकांत चार टक्क्यांचा फरक पडला की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा भाग) सरळ रस्त्यातही सतत फिरत राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

टायर किती झिजला की बदलायचा, तर नक्षीच्या खोल खाचेत अधूनमधून लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिमी उरलं, आणि कारसाठी नियमातली शेवटची हद्द तीच. तुम्ही 'गोटा' म्हणताय, म्हणजे ती हद्द केव्हाच गेली. पावसाळ्याची वाट बघू नका.

दोनच टायर आत्ता आणि दोन नंतर, असं करणार असाल तर नवीन जोडी मागं टाका. हे ऐकून माझ्या दुकानात रोज भांडण होतं. "इंजिन पुढं, ब्रेक पुढं, नवीन टायर मागं कशाला?" पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, ते तुम्हाला स्टेअरिंगमध्ये लगेच कळतं आणि पाय काढला की सावरता येतं. मागचं घसरलं तर गाडी गिरकी घेते आणि कळेपर्यंत उशीर होतो. पण तुमच्या बाबतीत दोन-दोन करू नका. चार टक्क्यांचा फरक पुढच्या आणि मागच्या चाकांत ठेवून महिनोन्महिने गाडी चालवण्यात अर्थ नाही. चारही एकदम बदला, बॅलन्सिंग करा, अलाइनमेंट करा.

आता हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो आणि डांबर त्याहून खूप जास्त तापतं. दरवर्षी दहा तरी माणसं येऊन सांगतात, "भो, उन्हाळा आहे, पाच पॉइंट हवा कमी कर, नाही तर फुटंल." नेमकं उलटं आहे. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेनं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, सरळ होते, दुमडते, आणि त्या दुमडण्यानंच तापते. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसं. वर भरलेली गाडी आणि चौपदरी रस्त्यावरचा वेग. धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या पुढं कडेला पडलेल्या टायरच्या चिंध्या बघितल्या असतील. हवा स्टिकरवर असेल तेवढीच भरा, पूर्ण भार असेल तर भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो तो धरा, आणि सकाळी थंड टायरमध्ये मोजा. दुपारी पन्नास किलोमीटर आल्यावर मोजलीत तर आकडा वाढलेला दिसेल, तापमान पाच-सहा अंश वाढलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचा एक पॉइंट) वाढते. ती वाढ कंपनीनं धरलेली आहे, काढायची नाही. नायट्रोजनसाठी जास्त पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. महिन्यातून दोनदा मोजली तर खूप झालं.

राहिलं तुमचं वीसचं मायलेज. ते वीस कधी नव्हतंच. चाक लहान असल्यामुळे गाडी ९६ किलोमीटर गेली की मीटर शंभर दाखवतो. सुरत-नागपूर हायवेला पारोळा ते एरंडोल जाताना कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर लक्ष ठेवा. दगडाच्या हिशेबानं दहा किलोमीटर झाले की मीटरवर दहा आणि वर जवळजवळ चारशे मीटर दिसतील. म्हणजे तुमचं खरं मायलेज एकोणीसच्या आसपास आहे. गाडीवर जे किलोमीटर झालेत, त्यातलेही काही हजार या लहान टायरांनी वाढवलेले असणार, विकताना उपयोगी पडेल. नवीन १६५/८० टाकल्यावर पहिल्या टाकीला मीटरवरचं मायलेज पडलेलं दिसेल. तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, पेट्रोल तेवढंच जाळलं जातंय.